समुद्रातली वाद्यमंडळी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतली गोष्ट. दुपारचे आमरसाचे जेवण अंगावर आलेले, डोळा नुकताच लागतो आहे, तोच आतल्या खोलीतून ड्रम, गिटार आणि कुणाचे तरी ठसक्यात चाललेले गाणे असा धडाका सुरू झाला. आम्ही तरातरा उठून गेलो. आमचे नातू दूरदर्शनसंचासमोर मांडी ठोकून बसले होते, आणि पडद्यावर रंगांची अशी उधळण चालली होती, की रंगपंचमीला एखाद्या वाड्याच्या चौकातही कधी झाली नसेल.

"कुठल्या भाषेतलं गाणं हे?" आम्ही दरडावून विचारले.

"माकुळांच्या," चिरंजीव मान न वळवता म्हणाले.

वाचकहो, थट्टा नव्हे! कोकणात ज्याला आपण माकूळ म्हणतो, त्याच प्राण्याचा हा चार जणांचा बँड. नाव 'स्क्विड स्क्वॉड'. जपानातल्या क्योतो शहरी 'निन्टेन्डो' नावाची कंपनी आहे. तिने २०१५ च्या मे महिन्यात 'स्प्लॅटून' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला, आणि त्या खेळातल्या लढाया या मंडळींच्या वाद्यांवर लढल्या जातात. लढाई म्हणजे काय, तर चार विरुद्ध चार, वेळ तीन मिनिटे, आणि हाती शाईच्या पिचकाऱ्या. कुणाला किती टिपले यापेक्षा जमीन कुणी जास्त रंगवली याला मोल. शेवटचे मिनिट उरले, की वाद्ये एकदम चाल बदलतात आणि खेळणाराच्या छातीत धडधड सुरू होते. (आमच्याही झाली, हे कबूल करून टाकतो.)

या खेळाचा जन्मही मोठा मौजेचा. सुरुवातीला पडद्यावर निव्वळ टोफूच्या वड्यांसारखे ठोकळे होते, एकमेकांवर शाई उडवणारे. मग ठोकळ्यांचे ससे झाले. पण ससा शाई का म्हणून उडवील, याचे उत्तर कुणाला सुचेना! शेवटी माकूळ आला, आणि सगळे कोडे सुटले. शाई त्याची जन्मजात. हा प्राणी कधी मुलाच्या रूपात पळतो, तर कधी माकूळ होऊन आपल्याच शाईत बुडी मारून सुळकन पुढे सरकतो.

गाण्याच्या भाषेचे कोडे मात्र आम्हांला स्वस्थ बसू देईना. अर्थ काय, म्हणून नातवाला पुन्हा विचारले.

"अर्थ नाहीच आजोबा. नुसते आवाज."

खऱ्याखुऱ्या गायिका बनावट शब्द गातात आणि मग त्यांच्या आवाजावर यंत्राने पाण्याखालचा संस्कार होतो. प्रथम आम्ही नाक मुरडले. नंतर मनात आले, आपला तराणा तरी दुसरे काय करतो? 'दिर दिर तानोम्'चा अर्थ कुणी गवयाला विचारत नाही. तरी लय चढली की मांडीवर थाप पडतेच. ही सुरावट बांधणारांपैकी एक तोरू मिनेगिशी. 'झेल्डा' नावाच्या खेळमालिकेसाठीही त्यांनी संगीत दिले आहे. दर भागात बँड बदलतो. २०१७ च्या दुसऱ्या भागात 'वेट फ्लोअर' आला, २०२२ च्या तिसऱ्यात 'सी-साइड'.

आता या रंगीबेरंगी जगाची गोष्ट ऐका. ती बरीच गंभीर आहे. समुद्र चढत गेला आणि माणूस संपला, त्याला १२,००० वर्षे लोटली. मग पाण्यातले जीव जमिनीवर आले. पण पाणी वाढतच होते, जमीन आक्रसत होती, आणि उरलेल्या तुकड्यासाठी माकूळ आणि अष्टपाद यांच्यात युद्ध पेटले. अष्टपाद हरले आणि जमिनीखालच्या अंधारात राहू लागले. वर गाणी आणि रोषणाई, खाली कवायत आणि चढाईची तयारी.

वरच्या जगात दोन बहिणी गात असत, कॅली आणि मेरी. खरे म्हणजे चुलतबहिणी. जपानीत त्यांची नावे आओरी आणि होतारू, दोन्ही खऱ्याखुऱ्या माकुळांच्या जातींवरून ठेवलेली. आणि त्यांच्या गाण्याचे नाव 'शिओकारा-बुशी'. शिओकारा म्हणजे खारवलेला माकूळ! आपल्याकडे कुणी एखाद्या गौळणीला 'सुकट' असे नाव दिले तर कसे वाटेल, तसेच ते. पण गाणे असे, की भर युद्धात ते शत्रूच्या कानी पडले आणि काही अष्टपाद सैनिकांचे मनच फिरले. मरिना नावाची यंत्रे जाणणारी एक अष्टपाद मुलगी सैन्य सोडून वर निघून आली. तिथे एका डोंगरावर पर्ल नावाची बुटकी, तोंडाळ माकूळकन्या एकटीच ओरडून ओरडून गळा तयार करीत होती. दोघींची गट्टी जमली आणि दुसऱ्या भागात त्यांचेच गाणे गाजले. २०१८ पासून तर खेळणाराला स्वतः अष्टपाद होऊनही खेळता येऊ लागले.

बहिणींच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. जानेवारी २०१६ मध्ये जपानात प्रकाशाच्या आकृत्यांच्या रूपाने त्या रंगमंचावर उतरल्या, आणि हाडामांसाची माणसे त्यांच्यासमोर दिवे हलवीत गाऊ लागली. त्याच वर्षी जुलैत खेळणारांपुढे कौल मागण्यात आला: कॅली की मेरी? मेरी जिंकली. आणि दुसऱ्या भागाची कथा सुरू होते तेव्हा कॅली बेपत्ता असते! शत्रूने डोळ्यांवर मोहिनी घालणारा चष्मा चढवून तिला आपल्या बाजूला वळवलेले असते.

हे सारे नातवाने एका दमात सांगितले. दाराशी आमच्या सौ. केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. हातातले ताट तसेच धरून त्यांनी विचारले, "मग? आली का रे ती परत?"

"आली आजी. मेरीने नेम धरून चष्मा उडवला. मग दोघी पुन्हा गायल्या."

"चल, ते गाणं लाव पाहू," असे म्हणून सौ. पलंगावर टेकल्या.

आमची वामकुक्षी त्या दिवशी राहूनच गेली.