रात्रीचा वाडगा रिता नको! घरच्या घरी दाट, मऊ टोमॅटो सूप

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेली हार्बर मार्गावरील लोकल पनवेलला पोहोचायला सुमारे सव्वा तास घेते. कार्यालय सुटल्यावर ती गाडी पकडणारी लेक, सून किंवा मुलगा घरात पाऊल टाकतो, तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात. घरातील ज्येष्ठांची भूक तोवर मावळलेली असते. ‘आता पोळीभाजी नको, कपभर सूप दे, पुरे,’ असे ते म्हणतात. मग पाकीट फोडले जाते, गरम पाण्यात भुकटी ढवळली जाते आणि कप हाती येतो. दोघांनाही बरे वाटते; एकाला आपण त्रास दिला नाही म्हणून, दुसऱ्याला पोटात काहीतरी गेले म्हणून.

हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके किती, हे एकदा आपण शांतपणे पाहायला हवे. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. २०० ग्रॅम टोमॅटो उकडून, गाळून केलेल्या साध्या सुपातून जेमतेम ४० कॅलरी आणि दोन ग्रॅमहूनही कमी प्रथिने मिळतात. सूप जेवणाआधी घेतले तर यात काहीच वावगे नाही. परंतु तेच रात्रीचे संपूर्ण जेवण ठरले आणि आठवड्यातून चार-पाच वेळा ठरले, तर शरीराची हळूहळू उपासमार होते. उतारवयात स्नायू आधीच झिजत असतात. म्हणूनच अनेक वृद्धारोग्यतज्ज्ञ निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिने घेण्यास सुचवतात. ५५ किलो वजनाच्या आजींसाठी हा हिशेब ५५ ग्रॅमांचा होतो. त्यातील रात्रीचा वाटा कपभर लाल पाण्यातून कसा भरून निघणार?

यावरचा उपाय सूप बंद करणे हा नव्हे. सुपाला जेवणाची योग्यता देणे हा आहे.

‘सूप’ म्हणजे मुळात डाळच

सूप ही उपाहारगृहातून घरात आलेली परकी वस्तू आहे, असे आपल्याला वाटते. पण संस्कृतात ‘सूप’ या शब्दाचा अर्थच शिजवलेल्या डाळीचे पातळ कालवण असा आहे आणि ‘सूपकार’ म्हणजे स्वयंपाकी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या मराठी पाकपुस्तकाचे नावही ‘सूपशास्त्र’ असेच होते. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधनिर्मितीची परंपरा लाभलेल्या पनवेलकरांना मुद्गयूष, अर्थात आजारातून उठलेल्याला दिले जाणारे मुगाचे कढण, वेगळे सांगायला नको. कोकणातील घरांत नारळाचे दूध घालून केले जाणारे टोमॅटोचे सारही आपल्या परिचयाचे आहे. पुढील कृतीत या दोहोंचा मेळ घातला आहे. दाटपणा मुगाच्या डाळीतून आणि तांबड्या भोपळ्यातून येतो, तर मऊपणा दुधातून. विकतचे क्रीम किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही.

साहित्य (दोन जणांसाठी)

- पिकलेले लालबुंद टोमॅटो ४ ते ५ (सुमारे ४०० ग्रॅम)
- पिवळी मूग डाळ ४ मोठे चमचे (सुमारे ५० ग्रॅम)
- तांबड्या भोपळ्याच्या फोडी अर्धी ते पाऊण वाटी
- कांदा १ लहान. हंगामात अलिबागचा पांढरा कांदा मिळाल्यास उत्तम, तो चवीला सौम्य असतो
- लसणाच्या २ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा
- साजूक तूप २ चहाचे चमचे, जिरे अर्धा चमचा
- दूध अर्धी वाटी
- मीठ सपाट अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मिरपूड

कृती

१. डाळ धुऊन पाऊण वाटी पाण्यासह कुकरच्या एका डब्यात ठेवावी. दुसऱ्या डब्यात टोमॅटो, भोपळा, कांदा, लसूण व आले ठेवावे. त्यात पाणी घालू नये. डाळ आणि टोमॅटो एकत्र शिजवण्याचा मोह टाळावा, कारण आंबट पदार्थासोबत डाळ लवकर मऊ होत नाही. चार शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करावा.

२. कुकरची वाफ आपोआप जिरू द्यावी. मिश्रण कोमट झाल्यावरच मिक्सरमध्ये फिरवावे. उकळते मिश्रण फिरवल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडून हात भाजू शकतो.

३. वाटलेले मिश्रण बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून घ्यावे. टोमॅटोची साल व बिया कवळीखाली अडकतात, घशातही टोचतात. म्हणून ज्येष्ठांसाठी हा टप्पा गाळू नये.

४. पातेल्यात तूप तापवून जिरे तडतडू द्यावे, त्यावर गाळलेले मिश्रण ओतून एक चांगली उकळी आणावी. मीठ व मिरपूड घालून गॅस बंद करावा.

५. आता दुधाचा टप्पा. बहुतेकांचे सूप येथेच फाटते. आंबट पदार्थात गार दूध एकदम पडले किंवा दूध घालून ते पुन्हा उकळले, की दुधातील प्रथिने गोळा होतात. म्हणून दूध वेगळे कोमट करावे, त्यात आधी दोन डाव गरम सूप घालून ढवळावे आणि मग ते दूध हळूहळू पातेल्यात सोडावे. यानंतर सूप उकळू नये.

भोपळ्याच्या गोडीमुळे टोमॅटोचा आंबटपणा मोडतो, साखर लागत नाही. तूप केवळ चवीपुरते नाही. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपिनमुळे येतो, ते शिजवल्यावर आणि स्निग्ध पदार्थासोबत शरीरात अधिक चांगले शोषले जाते. अशा एका वाडग्यातून सुमारे सव्वादोनशे कॅलरी आणि नऊ-दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत मऊ भाताचे दोन घास किंवा अर्धी वाटी ताजे दही घेतले, तर जेवण बऱ्यापैकी पूर्ण होते.

रोजच्या धावपळीत कसे जमवावे?

रविवारी उरण नाक्याच्या बाजारातून भाजी आणली, की चौथ्या टप्प्यापर्यंतचे मिश्रण मीठ न घालता दुप्पट प्रमाणात करून ठेवावे. ते कोमट होताच एकेका जेवणापुरते लहान डब्यांत भरून दोन दिवसांचे फ्रीजमध्ये, उरलेले फ्रीजरमध्ये ठेवावे. पनवेलच्या दमट हवेत ते रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. संध्याकाळी डबा काढून चांगली उकळी आणावी, मीठ घालावे, गॅस बंद करून कोमट दूध मिसळावे. दहा मिनिटांत जेवण तयार! ज्या ज्येष्ठांना गॅससमोर उभे राहणे जमते, त्यांना सात वाजताच आपला वाडगा गरम करून घेता येतो. घरच्यांची वाट पाहत भूक मरत नाही आणि आपले जेवण आपल्या हाती असल्याचे समाधान मिळते, ते वेगळेच.

टोमॅटोचे भाव चढले, की निम्मे टोमॅटो आणि निम्मा भोपळा घ्यावा; चव फारशी बदलत नाही. दूध पचत नसेल, तर नारळाचे दूध चालते. मात्र त्यात प्रथिने कमी व संपृक्त मेद अधिक असल्याने हृदयविकार असलेल्यांनी ते जपून घ्यावे.

मीठ शेवटी आणि मोजून

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट एका चमच्यापेक्षा कमी मीठ खावे. या कृतीत प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा साधारण चौथा हिस्सा येतो. पाकिटातील सुपात मिठाचे प्रमाण बरेच असते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी वेष्टनावरील सोडियमचा आकडा अवश्य वाचावा. चव कमी वाटल्यास मीठ वाढवण्याऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड किंवा बारीक वाटलेली कोथिंबीर घालून पाहावी.

हे सूप कोणी विचारून घ्यावे?

- मूत्रपिंडाचा विकार असल्यास: टोमॅटो, भोपळा व डाळ या तिन्हींत पोटॅशियम असते. रक्तदाबाच्या काही औषधांनीही रक्तातील पोटॅशियम वाढते. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच प्रमाण ठरवावे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या अनेक मिठांतही पोटॅशियम असते, हे विसरू नये.
- छातीत जळजळ होत असल्यास: टोमॅटोने ती वाढू शकते. त्यांच्यासाठी टोमॅटोऐवजी दुधी घ्यावा आणि जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे.
- जेवताना ठसका लागत असल्यास: पक्षाघातानंतर, कंपवातात किंवा स्मृतिभ्रंशात गिळण्याची क्रिया मंदावते. पाण्यासारखे पातळ सूप अशा वेळी श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. वारंवार ठसका, जेवणानंतर घोगरा किंवा ओलसर आवाज, पुन्हा पुन्हा येणारा ताप ही लक्षणे दिसली, तर सूप किती दाट हवे हे आपल्या अंदाजाने न ठरवता डॉक्टर किंवा गिळण्याच्या उपचारांतील तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. भरवताना व्यक्ती ताठ बसलेली असावी, चमचा लहान असावा, पहिला घोट गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये.

शेवटी एक विनंती

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला घरातील ज्येष्ठांचे वजन करून ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. वजनकाटा नसेल, तर आजींच्या हातातील बांगड्या आणि आजोबांचा पट्टा पाहा. बांगडी कोपराकडे सरकू लागली, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि जमेल तेव्हा आपलाही वाडगा त्यांच्याशेजारी ठेवा. एकाच पातेल्यातले सूप दोघांनी मिळून घेतले, तर ‘आता भूक नाही’ म्हणणारे माणूसही बोलता बोलता वाडगा संपवते.