चिकटपट्टीचा धडा

२ ऑक्टोबर १९९६ रोजी मध्यरात्रीनंतर पेरूतील लिमाहून सांतियागोकडे निघालेले एरोपेरूचे बोइंग ७५७ विमान सुमारे अर्ध्या तासात पॅसिफिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व ७० जण प्राणास मुकले. विमान धुताना बाहेरील हवेचा दाब टिपणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहिली होती, एवढेच! ही छिद्रे बुजली की उंची व वेग दाखविणारी यंत्रे खोटे बोलू लागतात. काळोख्या समुद्रावर वैमानिकाने मग विश्वास तरी कशावर ठेवावा?

पट्टी लावणाऱ्या कामगारास न्यायालयाने दोषी ठरविले. तथापि तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. ती पट्टी पर्यवेक्षकाच्या नजरेतून सुटली, उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी घालणाऱ्या वैमानिकाच्याही. चंदेरी पट्टी चकचकीत पत्र्यावर उठून दिसणार कशी? आधीच्याने पाहिले असेल, नंतरचा पाहील, या भरवशावर तपासण्यांची साखळी पोकळ होते. म्हणूनच आच्छादन भडक रंगाचे असावे, त्याला लाल फीत लोंबत असावी आणि ते काढल्याची स्वतंत्र नोंद व्हावी. तपासनिसाची सही ही त्याच्या डोळ्यांची साक्ष असते. न पाहता केलेली सही ही खोटी साक्षच होय.