फोटो हे कोणतं प्रमाण? : प्रवासात आणि घराजवळ छायाचित्रं काढताना

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, मग फोटो हे यातलं कोणतं?’ आम्ही त्या वेळी ‘पुढच्या वेळी बोलू’ असं म्हणून सुटका करून घेतली. प्राध्यापकांची ही जुनी युक्ती. पण प्रश्न काही सुटू देईना, कारण निवृत्तीनंतर आमचा बराचसा वेळ पुस्तकांइतकाच कॅमेऱ्यात जातो. तेव्हा आजचं व्याख्यान फोटोविषयी. थोडं तंत्र, थोडं तत्त्वज्ञान, आणि एक आमच्या हातून झालेली चूक.

आम्ही राहतो कडावला. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव. सिद्धिविनायकाच्या देवळामुळे तुमच्यापैकी काहीजण येऊन गेले असतील. इथे पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे, त्यात भीमाशंकरचा माथा, पदरगड, अलीकडे कोथळीगड. पश्चिमेला माथेरानचा डोंगर. मध्ये भातखाचरं. आता गंमत बघा. मुंबईहून सुट्टीला येणारी मंडळी पहाटे उठून कॅमेरा घेऊन पूर्वेकडे तोंड करून उभी राहतात. कडा काळा ठिक्कर येतो, आकाश पांढरं येतं, आणि मग ‘फोनचा कॅमेरा बरा नाही’ म्हणतात. फोन बिचारा काय करणार? सूर्य त्या भिंतीच्या मागून उगवतो. सकाळभर कड्याची आपल्याकडची बाजू सावलीत असते. तिच्यावर ऊन येतं ते दुपार कलल्यावर, आणि सर्वांत सुंदर येतं ते संध्याकाळी, कारण तेव्हा प्रकाश तिरपा असतो आणि कातळाच्या प्रत्येक घळीला आपापली सावली मिळते. म्हणून कडावातला नियम सोपा आहे: सकाळी माथेरानकडे तोंड करा, संध्याकाळी घाटाकडे. आणि माथेरानच्या डोंगराची सावली खाचरांवरून सरकत यायला लागली की घाई करा.

मे महिन्याच्या मध्याला आमच्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडातच राहते. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा तसाच येतो, पण ढगांमुळे कुणाला कळत नाही. अशा दुपारी फोटो काढू नयेत, जेवून झोपावं.

आता कॅमेरा स्वतः काय ‘पाहतो’ ते समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फार साधा गृहीतधर आहे. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतं, असं धरून तो हिशेब करतो. दृश्य खरोखर तसं असलं तर ठीक. पण आषाढात खाचरांवर धुकं उतरलं की समोर सगळं पांढरं असतं. कॅमेरा म्हणतो, ‘इतकं पांढरं कसं असेल?’ आणि ते करडं करून टाकतो. उलट ओल्या काळ्या कातळाचा फोटो काढला की म्हणतो, ‘इतकं काळं कसं असेल?’ आणि कातळ फिका, राखेसारखा करतो. म्हणून धुक्यात उजेड एखाद्या पायरीने वाढवायचा आणि कातळावर कमी करायचा. फोनमध्ये पडद्यावर बोट टेकवलं की बहुतेक वेळा सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर किंवा खाली सरकवायचं. एवढंच. पन्नास हजारांचा कॅमेरा घेण्याआधी हे करून पाहा.

नव्या फोनमध्ये आणखी एक भानगड आहे. तुम्ही बटण एकदा दाबता, पण तो एका क्षणात अनेक फोटो घेतो. एकात आकाश बरं आलेलं, एकात कडा. मग त्यांची सांधाजोड करून तुमच्या हातात एकच देतो. तो क्षण म्हणून जो दिसतो, तो तसा एक क्षण नसतोच.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग जुना कॅमेराच खरा. तसंही नाही. पाण्याचं उदाहरण घ्या. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते. एखाद्या खडकावरून पडणाऱ्या पाण्याचा फोटो पाव सेकंदाचा घेतला, तर पाणी रेशमासारखं पसरलेलं दिसतं. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा घेतला, तर प्रत्येक थेंब हवेत गोठलेला दिसतो. यातलं खरं कोणतं? दोन्ही खरी, आणि डोळ्याला यातलं एकही कधी दिसत नाही. (जाता जाता एक. या फोटोंसाठी पावसाळ्यात धबधब्यांखाली जाऊ नका. आमच्या तालुक्यात दरवर्षी माणसं वाहून जातात, प्रशासन मनाईचे आदेश काढतं, आणि त्या आदेशाच्या फलकासमोरच लोक सेल्फी काढतात.)

आता मूळ प्रश्न. फोटो हे प्रत्यक्ष प्रमाण आहे का? नैयायिकांच्या मते इंद्रियाचा वस्तूशी सन्निकर्ष झाला की प्रत्यक्ष ज्ञान होतं. फोटो बघताना आमच्या डोळ्याचा सन्निकर्ष कागदाशी किंवा काचेशी होतो, डोंगराशी नाही. तेव्हा डोंगराचं ते प्रत्यक्ष नव्हे. मग शब्दप्रमाण? म्हणजे कुणा विश्वासू माणसाने सांगितलं आणि आपण मानलं? थोडं तसं आहे, पण सांगणाऱ्याच्या मनात नसलेल्या गोष्टीही फोटोत येतात, वाक्यात त्या येत नाहीत. आमचं मत असं की फोटो हे अनुमानाचं साधन आहे. तो धुरासारखा आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण अग्नीवाचून धूर निघत नाही. तसंच डोंगरावरून आलेला प्रकाश भिंगातून आत जाऊन काही तरी उमटवून गेला, म्हणून फोटो आहे. डोंगर नसता तर ती खूण नसती. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सने फोटो आणि वस्तू यांच्यातल्या या भौतिक नात्याकडे लक्ष वेधलं होतं. आमच्या धुराचं उदाहरण त्याच्या पुष्कळ आधीचं आहे, इतकंच.

पण विद्यार्थी जिथे नेहमी घसरायचे ती जागा पुढे आहे. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. धूर नाही म्हणून अग्नी नाही, हे चूक. तर्कग्रंथांत याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तापलेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. तसंच, फोटोत आहे म्हणून होतं, असं बहुतेक वेळा म्हणता येईल. फोटोत नाही म्हणून नव्हतं, असं कधीच म्हणता येत नाही.

शहराच्या अगदी पहिल्या फोटोंपैकी एक घ्या. १८३८ साली दागेरने पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. उजेड उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत. एवढ्या वेळात घोडागाड्या, माणसं सगळी ये-जा करत राहिली, त्यामुळे कुणीच उमटलं नाही. उमटला तो फक्त एक माणूस, जो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोवरून वाटतं, रस्ता ओस पडलाय. मुंबईत ही कला फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातल्या सुरुवातीच्या हौशी मंडळींपैकी. त्या काळच्या शहराच्या फोटोंत इमारती स्वच्छ आणि माणसं धुरकट किंवा गायब असतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच. शहर रिकामं नव्हतं, काच मंद होती.

पण आमचा कॅमेरा मंद नव्हता, आणि तरीही आमच्या फोटोतून माणसं गायब झाली. ती आम्ही केली. ते सांगायचं होतं.

इर्शाळगड तुम्हाला माहीत असेल. खालापूर तालुक्यात, चौकच्या वर. सुळक्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही गडाच्या पायथ्याच्या पठारापर्यंत गेलो होतो. वर चढण्याचं आमचं वय नव्हतं. वाट इर्शाळवाडीतून जाते. ठाकर मंडळींची वस्ती. एका घरी पाणी प्यायलो. मग सुळक्याचे फोटो काढू लागलो, तर चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात घरांची छपरं येत होती, पत्रे, निळं प्लास्टिक, वाळत घातलेले कपडे. आम्हाला ‘निसर्ग’ हवा होता. आम्ही चार पावलं उजवीकडे सरकलो आणि एका झुडपाआड वाडी झाकून टाकली. फोटो छान आला. बरेच दिवस तो आमच्या संगणकाच्या पडद्यावर होता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं आहे.

काही महिन्यांनी एक तरुण आमच्याकडे आला. त्याची बहीण तिथे दिलेली होती. कुणीतरी सांगितलं होतं की कडावचे सर तिकडे फोटो काढायला गेले होते. त्याने विचारलं, ‘सर, घरांचा एखादा आहे का?’ आम्ही संगणक उघडला. त्या दिवसाचे सुळक्याचे अकरा फोटो निघाले. नेढं सगळ्या बाजूंनी होतं. घर एकही नव्हतं. शेवटी एक फसलेला फोटो सापडला, झुडपापर्यंत पोचण्याआधी चुकून दाबला गेलेला, तिरका. त्यात अर्धं छप्पर होतं आणि दोरीवर एक लुगडं. त्याने तो मोठा करून बराच वेळ पाहिला. त्याच्या बहिणीचं घर ते नव्हतं. तरी त्याने तो मागून घेतला.

तेव्हापासून आमच्या काही सवयी बदलल्या. त्या सांगतो, उपदेश म्हणून नव्हे. एक म्हणजे, प्रेक्षणीय फोटो काढून झाला की आम्ही पाठ फिरवतो आणि उलट दिशेचा एक काढतो. पाठीमागे बहुधा चहाची टपरी, उभी रिक्षा, पाण्याची टाकी असं काही असतं. तो फोटो कुणाला दाखवावासा वाटत नाही, पण ठेवतो. माणसांचा काढायचा तर विचारून काढतो, आणि कर्जतला जाऊन त्याची प्रत करून आणून देतो. इथे आमचा आणि त्यांचा नेहमी मतभेद. लावणी चालू असताना इरलं घेतलेली, चिखलातली बाई आम्हाला ‘स्वाभाविक’ वाटते. तिला तो फोटो मुळीच नको असतो. ती म्हणते, ‘थांबा, लुगडं बदलून येते,’ आणि मग भिंतीला टेकून, ताठ, कॅमेऱ्याकडे बघत उभी राहते. आता आम्ही दोन्ही काढतो आणि प्रत तिच्या आवडीच्या फोटोची देतो. तिच्या घरातल्या भिंतीवर कोणता लावायचा हे आम्ही कोण ठरवणार?

आणखी एक रुक्ष पण कामाची गोष्ट. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, परवानगी दिली असेल तर ठिकाणसुद्धा नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की ती नोंद गळून जाते आणि फोटो लहानही होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर राहते. दहा वर्षांनी ‘हे कुठलं?’ म्हणून घरात वाद होतात ते यामुळेच.

प्रवासाला जायलाच हवं असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये पैसे घालणाऱ्याला आपली विद्या पटवून देण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली. तेवढ्यासाठी कुंडी पुरली. आम्ही घरामागचा एक बांध धरला आहे. दर रविवारी त्याच दगडावर उभं राहून एक फोटो. राब भाजलेली काळी जमीन, मग रोपांचा पोपटी चौकोन, लावणी, दसऱ्याच्या सुमाराचं पिवळं शेत, उडवी, मग वाल. तीन वर्षांच्या फोटोंत आता उजव्या कडेला एका फार्महाऊसची भिंत दिसू लागली आहे. पहिल्या वर्षी तिथे खाचर होतं. आम्ही दगड बदललेला नाही.

वेळ झाली, एक प्रश्न घेतो. श्रोते विचारताहेत की आता फोनमधून विजेच्या तारा, खांब, नको असलेली माणसं बोटाने पुसता येतात, त्याचं काय. बघा, धुराची उपमा आपण मघाशी दिली. पुसलेल्या जागी फोन जे भरतो ते वस्तूकडून आलेलं नसतं, त्याने अंदाजाने रंगवलेलं असतं. तेवढ्या भागापुरता तो धूर उरत नाही, धुराचं चित्र होतं. घरच्या भिंतीवर लावायला काढा खुशाल. पण फाइलचं नाव बदलून ठेवा आणि मूळ फोटो टाकून देऊ नका. आणि कडावला आलात तर विजेचे मनोरे पुसण्याआधी जरा थांबा. भिवपुरीचं ते केंद्र १९२२ पासून चालू आहे. ज्या नदीचा उन्हाळ्यातला फोटो तुम्ही काढताय, तिला पाणी आहे ते त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला मुंबईत कुणीतरी दिवा लावतं म्हणून.

पुढच्या वेळी उपमान घेऊ. ते मागच्या खेपेला घाईत झालं होतं.