पिंटर यांचे मौन नटाचे

हॅरॉल्ड पिंटर (१९३०–२००८) यांच्या नाटकांतले मौन नाटककार सॅम्युएल बेकेटकडून उसने घेतलेले, असा आक्षेप घेतला जातो. बेकेटचा प्रभाव खराच; पण १९५७ साली ‘द रूम’ हे पहिले नाटक लिहिण्याआधी पिंटर आयर्लंडमध्ये अ‍ॅन्यू मॅकमास्टर यांच्या फिरत्या मंडळीत आणि पुढे ‘डेव्हिड बॅरन’ या नावाने इंग्लंडमध्ये गावोगावी भूमिका करत होते. शब्द थांबला की प्रेक्षागृह कसे सावध होते, हे नटाला रोज कळते. म्हणूनच त्यांच्या संहितेत छोटा विराम आणि पूर्ण शांतता यांच्या सूचना वेगवेगळ्या आहेत. १९५८ मध्ये ‘द बर्थडे पार्टी’ लंडनला आठवड्याभरात बंद पडले, तरी त्यांनी ही वाट सोडली नाही. नोबेलनंतर, २००६ साली, आजारी असतानाही ते लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या रंगमंचावर नट म्हणून आले, तेही बेकेटच्याच नाटकात.