बोट की बटणं?

दहावीचा निकाल लागला की हिंगोलीत एक प्रश्न घरोघरी सुरू होतो. पोरीला टॅबलेट घ्यायचा की लॅपटॉप? हळद मोंढ्यात जाऊन पैसे हातात आलेले असतात, अकरावी सायन्सचा फॉर्म भरून झालेला असतो, आणि दुकानातला पोरगा दोन्ही वस्तू काउंटरवर शेजारी-शेजारी मांडून "काका, कोणता काढू?" म्हणत उभा असतो. टॅबलेट 15 हजारांच्या आसपास, लॅपटॉप 30 हजारांच्या आसपास.

दोघांनाही पडदा, दोघांवरही यूट्यूब, दोघांवरही व्हॉट्सॲप. मग दुप्पट पैसे कशाचे? हे कळायला आत डोकवावं लागतं, आणि आत जे सापडतं ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा भन्नाट आहे.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. 26 एप्रिल 1985. इंग्लंडमधलं केंब्रिज. एकॉर्न नावाच्या एका लहान कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला एक नवा प्रोसेसर पहिल्यांदाच बोर्डवर बसवला गेला. चालू केला, आणि तो चालला. आता हा वीज किती खातो ते बघू, म्हणून फर्बर यांनी मीटर लावला. मीटर शून्य दाखवत होता! मीटर बिघडला की काय? नाही. नीट पाहिल्यावर कळलं, प्रोसेसरला वीज पुरवणारी तार जोडलेलीच नव्हती. आणि तरीही तो बिनचूक काम करत होता. कशावर? आजूबाजूच्या भागांकडून त्याच्यापर्यंत संदेश आणणाऱ्या तारांतून जी थोडीफार वीज झिरपत होती, तेवढ्यावर!

या काटकसरीचं मूळ पैशाच्या चणचणीत होतं. प्रोसेसर फार तापला तर त्याला सिरॅमिकचं महाग आवरण लागतं. साधं प्लास्टिक पुरावं म्हणून त्यांनी एका वॉटच्या आत राहायचं ठरवलं. जेमतेम 25 हजार ट्रान्झिस्टर, मोजक्या आज्ञा, बाकी सगळ्याला फाटा. त्या प्रोसेसरचं नाव आर्म. तुमच्या खिशातला मोबाईल आणि काउंटरवरचा तो टॅबलेट, दोघंही त्याच्याच वंशातले. सेनगावला दुपारी लाईट गेली, संध्याकाळपर्यंत आली नाही, तरी टॅबलेटवरचं लेक्चर चालू राहतं, त्याचं मूळ चाळीस वर्षांपूर्वी न जोडलेल्या त्या तारेत आहे.

लॅपटॉपचं घराणं वेगळं. तिथला मूळ पुरुष म्हणजे 1978 साली आलेला इंटेल 8086. आज स्वस्तातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा जो प्रोसेसर असतो, त्याला त्या 8086 च्या आज्ञा अजून कळतात. एवढी जुनी भाषा तो विसरलेला नाही! म्हणून तर अडत दुकानातलं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतला जुना प्रोग्रॅम, सरकारी कचेरीतली खास प्रणाली, हे सगळं लॅपटॉपवर चालतं आणि टॅबलेटवर चालत नाही. पण हे प्रोसेसर टॅबलेटमधल्या प्रोसेसरपेक्षा सहसा वीजही जास्त खातात. जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता, आणि जास्त उष्णता म्हणजे पंखा.

हिंगोलीत हा उष्णतेचा मुद्दा फार मोठा आहे. बहुतेक टॅबलेट आणि लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे, असं त्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो. तेव्हा टॅबलेट एक शहाणपणाची गोष्ट करतो: त्याला पंखा नाही, म्हणून तो स्वतःचाच वेग कमी करतो आणि थंड होऊ पाहतो. पत्र्याखाली बसून टॅबलेट 'हँग होतोय' असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो स्वतःचा जीव वाचवत असतो. लॅपटॉप बाहेरची हवा ओढून घेतो, पण हवेबरोबर धूळही ओढतो. कापसाच्या आणि हळदीच्या हंगामात ज्यांच्या घरावरून गाड्या जातात, त्यांनी लॅपटॉप घेतलाच तर वर्षातून एकदा तो उघडून पंखा साफ करून घ्यावा. बॅटरीला उन्हाचा त्रास दोन्हीकडे सारखाच.

आता किमतीच्या चिठ्ठीवरचे दोन आकडे. रॅम आणि स्टोरेज. मोंढ्यात हळदीच्या लिलावाचं पटांगण असतं आणि मागं गोदाम असतं. व्यवहार होतो तो पटांगणात. माल पडून राहतो गोदामात. पटांगण म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे स्टोरेज. पटांगण लहान असेल तर गोदाम केवढंही असो, गाड्या बाहेर रांगेत उभ्या. आणि पटांगण मोठं असून गोदामाचं दार अरुंद असेल तरी तेच.

हे अरुंद दार स्वस्त लॅपटॉपमध्ये खरोखर असतं. त्याचं नाव ईएमएमसी. ही साठवण एका वेळी एकच काम करते: वाचायचं तरी किंवा लिहायचं तरी. आजकालच्या बहुतेक एसएसडीमध्ये दोन्ही एकदम चालतं आणि वेग कित्येक पटींनी जास्त. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते, असं मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे '4 जीबी, 64 जीबी ईएमएमसी' असा लॅपटॉप पहिल्याच दिवशी भरलेला! त्यापेक्षा 15 हजारांचा टॅबलेट शंभर पटींनी बरा. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

पण या साठवणीच्या आत काय आहे, हे एकदा तरी मनात आणून बघा. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधलेली ही फ्लॅश मेमरी. सिलिकॉनमध्ये एक सूक्ष्म कप्पा, चारही बाजूंनी वीज वाहू न देणारा थर, आणि आत कोंडलेले थोडे इलेक्ट्रॉन. बॅटरी काढा, यंत्र कपाटात ठेवून द्या, वर्षानंतर उघडा, ते इलेक्ट्रॉन तिथंच! आजीचा फोटो म्हणजे अशा कोट्यवधी कप्प्यांत कुठं इलेक्ट्रॉन आहेत आणि कुठं नाहीत, याचा नकाशा.

आणि टॅबलेटची काच? 1965 साली इंग्लंडमध्येच ई. ए. जॉन्सन यांनी बोटाच्या स्पर्शावर चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली, ती विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी. आजच्या पडद्यात काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा इतका पातळ थर की नजर आरपार जाते. तुमचं शरीर विद्युतभार धरून ठेवू शकतं. बोट जवळ आलं की जाळीच्या त्या छेदावरचा भार किंचित सरकतो. किती किंचित? भार धरण्याची क्षमता फॅरडमध्ये मोजतात. एका फॅरडचा दशलक्षावा भाग घ्या, त्याचा पुन्हा दशलक्षावा भाग घ्या, आणि त्याहूनही कमी. हा फरक पडदा सेकंदात साठ-साठ वेळा, काही पडदे त्याच्याही दुप्पट वेळा, कानाकोपऱ्यात मोजत असतो. म्हणून तर ओल्या हातानं पडदा वेडावाकडा नाचतो; पाणीही वीज वाहतं, आणि बिचाऱ्याला बोट कोणतं आणि थेंब कोणता ते कळेनासं होतं.

एवढी जादू हाताशी असताना बटणं हवीतच कशाला?

लॅपटॉपवर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करा आणि 'हिंगोली' लिहा. दाबायच्या कळा: यू, एफ, एक्स, आय, ए, एन, आर. म्हणजे ह, ि, ं, ग, ो, ल, ी. आता हात बघा. उजवा, डावा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. 1986 साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं हा कीबोर्ड आखला तेव्हा स्वर सगळे डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे ठेवली. आपली लिपीच व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर अशी चालते, त्यामुळं हात आपोआप आलटून पालटून पडतात! आणि याच सात कळा तेलुगूचा कीबोर्ड लावून दाबल्या तर पडद्यावर हिंगोलीच उमटते, तेलुगू लिपीत. नांदेड ओलांडून पलीकडं गेलेल्या माणसाला बोटांची सवय बदलावी लागत नाही.

अजून गंमत पुढंच आहे. यंत्राच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात: 2361, 2367, 2306, 2327, 2379, 2354, 2368. यात 2361 म्हणजे ह आणि त्यानंतरचा 2367 म्हणजे पहिली वेलांटी. वेलांटी आकड्यांत ह नंतर आहे, पण पडद्यावर ती ह च्या आधी दिसते! तुम्ही कळ दाबता आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एक छोटा प्रोग्रॅम वेलांटी उचलून पुढं नेऊन बसवतो. मराठीच्या प्रत्येक ओळीत, प्रत्येक पहिल्या वेलांटीला हे घडतं.

हे काम टॅबलेटवरही तसंच होतं. फरक बोटांत आहे. काचेवर कळा आल्या की अर्धा पडदा त्यांनीच झाकला जातो, आणि बोटांना कळ चाचपता येत नाही म्हणून डोळे सतत खाली. दोन ओळींच्या उत्तराला चालतं. पण राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो. तो वेग बटणांवरच येतो, न बघता. शिवाय आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फायलींचे ढीग आहेत. त्या टॅबलेटवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. लॅपटॉपवर फाँट टाकला की काम झालं.

हा लॅपटॉप की टॅबलेट प्रश्न सगळ्या जगानं एकदा विचारला होता, आणि दोन्ही उत्तरं महाराष्ट्रात तपासली गेली. 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या छोट्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या प्रकल्पाचा भारतातला तो पहिला प्रयोग. त्याचा पडदा अफलातून होता: घरात रंगीत, आणि उन्हात मागचा दिवा बंद केला की काळा-पांढरा, पण लख्ख वाचता येणारा! आजचा चकचकीत टॅबलेट शेताच्या बांधावर उघडून बघा, स्वतःचाच चेहरा दिसेल. ती युक्ती स्वस्त यंत्रांत सरसकट आली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मग 2011 साली आला केंद्र सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅबलेट. पहिल्या आकाशचा पडदा दाबावा लागायचा, नुसता स्पर्श त्याला कळायचा नाही. रॅम 256 एमबी. पुढच्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आलेल्या दुसऱ्या आकाशला वर सांगितलेली भार मोजणारी काच मिळाली आणि रॅम दुप्पट झाली. आज महाज्योती ही नागपूरची सरकारी संस्था इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅबलेट मोफत देते, सोबत रोजचा इंटरनेट डेटाही. ज्यांच्या घरी तो येणार आहे त्यांचा अर्धा प्रश्न सुटला. त्यांनी आपले पैसे लॅपटॉपसाठी ठेवावेत.

हिंगोलीकरांसाठी लॅपटॉप घ्यायचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यांत जास्त भुरळ घालतं. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तिच्या थोरल्या बहिणींनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली: दोन कृष्णविवरं 130 कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत विलीन झाली, त्याचा थरथराट. ती नोंद कुणालाही फुकट उतरवून घेता येते! 32 सेकंदांच्या तुकड्यात सेकंदाला 4,096 याप्रमाणे 1,31,072 आकडे. सगळे मिळून एक एमबी, म्हणजे मोबाईलवरच्या एका फोटोहूनही लहान. पायथॉन ही मोफत भाषा घ्यायची, गोंगाट गाळायचा, आलेख काढायचा. तीस हजारांचा लॅपटॉप हे चहा संपायच्या आत करतो. टॅबलेटच्या ब्राउझरमध्येही जमतं, पण प्रत्येक कंस आणि स्वल्पविराम काचेवर शोधत बसावं लागतं, आणि शिकणाऱ्याचा उत्साह तिथंच मावळतो.

तर माझं मत असं. पोरगी नीटसाठी दोन वर्षं लातूरला किंवा नांदेडला राहणार असेल, दिवसभर लेक्चर बघणं, पीडीएफ वाचणं, चाचण्या सोडवणं एवढंच काम असेल, तर टॅबलेट घ्या. 6 जीबी रॅम बघा आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते दुकानदाराला विचारा. बाकी घरांत मोठ्या पडद्याचा मोबाईल आधीच आहे, टॅबलेट त्यात थोडी लांबी-रुंदी वाढवतो. तिथं लॅपटॉपच घ्यावा. 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, याखाली उतरू नका. नवा परवडत नसेल तर कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेला, दुरुस्त करून विकला जाणारा लॅपटॉपही चांगला निघतो. फक्त प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे ना, ते तपासा. कारण विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि आठवीच्या आधीच्या पिढ्यांना विंडोज 11 सहसा अधिकृतपणे घेत नाही. आणि पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप उघडून मराठी कीबोर्ड लावायला सांगा. पोरीला स्वतःचं नाव टाइप करू द्या. कळा घट्ट असतील, एखादी अडकत असेल, तर तिथंच कळेल.