मामांच्या अंगणातला तंबू

गेल्या डिसेंबरात आमच्या कन्येने हट्ट धरला. कॉलेजातल्या मैत्रिणी कोडगूला जाऊन तंबूत राहून आल्या होत्या. तिलाही तसेच राहायचे होते. "त्यासाठी कोडगू कशाला? आपल्या खानापूर तालुक्यात जंगल कमी आहे का?" असे मी म्हणाले खरे. पण भीमगडच्या जंगलात माझे आजोळ असूनही गेल्या पंधरा वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते, हे सांगायची लाज वाटली. नेमका त्याच आठवड्यात मामांचा निरोप आला, "एक कानडी कागद आलाय. वाचून दाखवायला ये." मग आम्ही तिघांनी पाठपिशव्या भरल्या.

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झाले. क्षेत्रफळ सुमारे 190 चौरस किलोमीटर. शिवकाळातला भीमगड किल्ला आत आहे, म्हणून हे नाव. देगाव परिसरात उगम पावणारी नदी आपल्याकडे महादयी, गोव्यात म्हादई आणि पुढे पणजीजवळ मांडवी होते. जवळच कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला वळून कुडलसंगमात कृष्णेला मिळते. म्हणजे याच डोंगररांगेवरचे पाणी दोन समुद्रांना जाते. इथल्या बारापेडे गुहेत राहणाऱ्या राउटनच्या वटवाघळाची शास्त्रज्ञांनी 1913 मध्ये नोंद केली. कित्येक वर्षे जगात त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले.

जंगलात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, हे आधीच सांगते. हौसेने जाणाऱ्यांसाठी हेम्माडग्याला वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे, तिथे आधी नोंदणी करून जावे. आम्ही नातेवाइकांकडे जात होतो, म्हणून नाक्यावर नावे लिहून परवानगी मिळाली. तंबू मामांच्या अंगणातच लावायचा, असे ठरले.

गाडी सोडल्यावर दोन तासांची पायवाट. सोबत वनखात्याचा एक कन्नड वॉचर आणि माझा मामेभाऊ. हे म्हणायचे "काडुकोण", भाऊ म्हणायचा "गवा". हे "केंजळिलु", तो "शेकरू". माझ्या यजमानांना पहिले शब्द ठाऊक, मला दुसरे, आणि लेकीला दोन्ही! वाटेत जांभूळ, अंजनी, किंजळ, कोकम. मनगटाएवढ्या जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. जरा आत गेल्यावर भर दुपारी ऊन नाहीसे झाले आणि अंगावर गारवा आला. पडलेले खोड कोणी उचललेले नाही, त्यावर शेवाळ, भूछत्रे आणि नवी रोपे.

एका प्रचंड झाडाच्या उंच ढोलीकडे वॉचरने बोट दाखवले. धनेश पक्ष्याची मादी अशा ढोलीत स्वतःला कोंडून घेते. तोंडाशी फक्त फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. एवढी ढोली जुन्या, जाडजूड झाडालाच असते. लावलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या झाडात धनेशाला घर मिळत नाही. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत भाषणे करणारी मी, हे मला कधी सुचले नव्हते.

मामा उंबऱ्यात बसून होते. सत्तरी उलटलेली, पण आवाज खणखणीत. लेकीने अंगणात तंबू उभारताच ते हसून म्हणाले, "घर असताना कापडात झोपणार व्हय ग बाय?" नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले झाले आणि मामांनी पिशवीतून कागद काढला.

तो पुनर्वसनाचा अर्ज होता. तळेवाडीच्या कुटुंबांना प्रत्येकी 15 लाख रुपयांची मदत देऊन बाहेर आणण्याचे काम 2025 मध्ये सुरू झाले, तेव्हापासून आसपासच्या वाड्यांतही हीच चर्चा आहे. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. "स्वइच्छेयिंद" या शब्दाशी मामांनी थांबवले.

"म्हणजे?"

"आपल्या मर्जीने."

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "तुझ्या मामीला पावसाळ्यात झोळीत घालून चौघांनी रस्त्यापर्यंत नेलं. नाला उतरेपर्यंत थांबावं लागलं. दवाखाना गाठलाच नाही. आता ही मर्जी म्हणायची काय?"

मला उत्तर देता येईना. वर्गात मी मुलांना सांगते की, जंगल वाचायचे तर माणसांनी थोडे मागे सरकले पाहिजे. चुलीजवळ बसून ते वाक्य तोंडातून निघेना. मामेभाऊ म्हणाला, "मला जायचंय. पोरांची शाळा आहे." तोही चूक नव्हता.

मला माहीत होते तेवढे मी सांगितले. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अभयारण्यातून हलवायचे झाले तर ग्रामसभेची लेखी संमती लागते. एकट्याने घाईत सही करू नये. पैसे कधी, जागा कुठे, हे आधी विचारावे. यजमानांनी प्रश्नांची यादी कन्नडमध्ये लिहून दिली, त्याखाली मी मराठीत. मामांनी दोन्ही भाषांतला कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला.

"आणि आमच्या देवाची राई?" त्यांनी विचारले. "तिला कोण सांभाळणार?"

"देवरकाडु," वॉचर हळूच म्हणाला. त्याच्याही गावात आहे म्हणे. हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. लेकीने कागद परत मागून घेतला आणि तो दोन्ही भाषांत खाली लिहिला.

रात्री तंबूत झोप लागली नाही. पानांवरून दव ठिबकत होते, दूर कुठे भेकर ओरडत होते. पहाटे बाहेर आले तर मामा घोंगडी पांघरून तंबूजवळच बसलेले. "पोर नवीन हाय, म्हणून जागलो," एवढेच म्हणाले.

निघताना आम्ही आमचा कचरा पिशवीत भरला. प्लास्टिकचा कागद जंगलात राहू देऊ नये, एवढे प्रत्येकाने पाळावे. धनेशाची ढोली बघायला एप्रिलमध्ये यायचे, असे लेकीने मामांकडून कबूल करून घेतले. मामा म्हणाले, "ये. ग्रामसभा त्याच्या आधी हाय. तुझ्या आईलाबी घेऊन ये, कागद वाचायला."

सुटीचा अर्ज मी आधीच देऊन ठेवला आहे.