भीतीचा झटका आणि घरचा उपाय

पेणच्या बाजाराला निघालेली गडबची एखादी बाई एस. टी.त बसते. वडखळ नाक्यावर गाडी खोळंबते आणि एकाएकी तिची छाती धडधडू लागते, घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात. आता आपण वाचत नाही असे वाटते. घरी आल्यावर कुणी म्हणतो बाहेरची बाधा, कुणी म्हणतो सोंग. दोन्ही खोटे. हा भीतीचा झटका.

वाघ समोर आला तर पळता यावे म्हणून शरीराची जी तयारी असते, ती इथे वाघावाचून सुरू होते. श्वास भराभर चालल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या येतात आणि चक्करही येते. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पुढचा धागा उलगडला : धडधडीचा अर्थ आपण ‘मरण’ असा लावतो, त्याने भीती वाढते, आणि भीतीने पुन्हा धडधड!

आता कुणी विचारील, ह्यावर आपले आपण काही करता येते का? येते. मात्र छातीत पहिल्यांदाच असे झाले, तर आधी दवाखाना गाठावा. हृदय, थायरॉईड, रक्त तपासून घ्यावे. ते ठीक निघाले की मग घरचा अभ्यास.

ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी १९६२ साली सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहून सांगितले की, भीतीशी झुंजू नका, तिला येऊ द्या. धरमतरच्या खाडीची भरती कुणी हाताने परतवतो का? झटकाही बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपसूक ओसरतो. पुढे झालेल्या चाचण्यांत, पुस्तकावरून असा अभ्यास करणारे नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. अधूनमधून विचारपूस करणारा जाणकार असला तर गुण आणखी चांगला.

नुसता दीर्घ श्वास मात्र पुरत नाही. खरे औषध, जिथे भीती वाटली तिथे पुन्हा जाणे. आधी वडखळपर्यंत, मग पेणपर्यंत. प्रथम सोबतीने, मग एकटीने. बाजारच सोडला तर भीती घरात बिऱ्हाड करते. दारूच्या घोटाने तात्पुरते बरे वाटते, पुढे ती भीती वाढवतेच. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्ती तर धोक्याची. दुखणे हृदयाचे किंवा दम्याचे असेल तर जीवावर बेतेल.

इतके करूनही झटके येत राहिले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.